हायपोच्या खड्यातलं पाणी

शक्की सर पाव किलो साखर घेतली तरी तागडीची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलायला लावायचे. दुकानदार अप्पा वैतागून म्हणायचे, "सर, साखर हाय, सोनं न्हाई." सर म्हणायचे, "म्हणूनच. सोनं तोलताना समदेच जागे असतात."

ते आम्हाला रसायनशास्त्र शिकवत. रासायनिक समीकरणाची ते झडती घ्यायचे. "डावीकडं चार ऑक्सिजन, उजवीकडं तीन. एक कुणी खाल्ला?" चुकलेलं गणित त्यांना चालायचं, पण पुस्तकाशी तंतोतंत जुळलेलं उत्तर दिसलं की वही उजेडाकडे धरायचे. "इतकं बरोबर कसं आलं? कुणाचं बघून?" मी वर्गात पहिली यायचे, म्हणून सगळ्यात जास्त झडती माझीच. मला त्यांचा मनापासून राग यायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि जळकोटजवळच्या आमच्या गावाकडे पावसाने पाठ फिरवली होती. अख्ख्या गावाला एकच विहीर उरली, तीही तळाला गेलेली. शेजारच्या वाडीत जुलाब-उलट्यांनी दोन लेकरं दगावली. मग विहिरीत टाकायला नव्या जिल्ह्याच्या शिक्क्याचं ब्लीचिंग पावडरचं पोतं आलं. सर म्हणाले, "शिक्का नवा हाय. पावडर कवाची हाय?" जुनी पावडर उन्हात दम सोडते, हे त्यांना ठाऊक होतं.

उदगीरच्या कॉलेजातून ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली काचेची नळी, मागून आणून, क्लोरीन मोजायला लागणाऱ्या हायपो नावाच्या क्षाराचं द्रावण करून, आमच्यासमोर थेंब मोजत त्यांनी पावडरची ताकद काढली. पोत्यावर तेहतीस टक्के क्लोरीन लिहिलेला. सरांचं उत्तरही तेहतीसच आलं. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. ग्रामसेवकाला ते म्हणाले, "पावडर खरी हाय. छापलेल्या मापानं टाका."

माझा तीन वर्षांचा भाऊ त्याच विहिरीचं पाणी प्यायचा. घरी येऊन मी सरांचं गणित उतरवून घेतलेली वही उजेडाकडे धरली. इतकं बरोबर कसं आलं?

सरांनी हायपोचा रेणुभार एकशे अठ्ठावन्न धरला होता. तो कोरड्या हायपोचा. शाळेच्या बाटलीत खडे होते, आणि खड्यात हायपोच्या एका रेणूमागे पाण्याचे पाच रेणू असतात. ते धरले की भार होतो दोनशे अठ्ठेचाळीस. सरांनी हायपो म्हणून पाणीही तोललं होतं. त्यामुळे द्रावण पातळ झालं, थेंब जास्त लागले आणि पावडर होती त्याहून तगडी दिसली. खरा आकडा एकवीस. म्हणजे विहिरीत दीडपटीहून जास्त पावडर हवी होती. सगळं गाव पाणी शोधत फिरत होतं आणि सरांच्या नजरेतून नेमकं तेच निसटलं.

सकाळीच त्यांच्या घरी गेले. सरांनी आधी वही उजेडाकडे धरली, मग घरी आणून ठेवलेली हायपोची बाटली.

"कुणाचं बघून?"

"कुणाचंच न्हाई, सर."

सर चपलाही न घालता विहिरीकडे निघाले. पाण्याला आलेल्या बायामाणसांसमोर ग्रामसेवकाला म्हणाले, "काल मी चुकलो. ही पोरगी बरोबर हाय. दीडपटीच्या वर टाका."

एक म्हातारा म्हणाला, "काल एक, आज एक. सर, इहिरीत नेमकं काय टाकायलात तुमी?"

पावडर टाकल्यावर सर तासभर काठावर बसले आणि पहिला तांब्या स्वतः प्यायले. त्यानंतर मी त्यांच्यावर कधी रागावले नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या गावातलं एकही लेकरू गेलं नाही.

पुढच्या वर्षी सर उमरीच्या शाळेत गेले. एसटीत बसताना त्यांनी पिशवीतून स्वतःची गणितांची वही काढून माझ्या हातात दिली. "हेच्यात अजून किती चुका हायत, बघ."

नांदेडला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हाही ती वही माझ्या टेबलावर होती. आजवर तीन चुका सापडल्या. दोन मी पत्राने कळवल्या. दोन्ही वेळा कार्डावर एकच ओळ आली: "कुणाचं बघून?" तिसरी सापडली तेव्हा सरांना जाऊन महिना झाला होता. ती मी अजून दुरुस्त केलेली नाही.