कोण राहिलं?

घरात तिला सगळे शेपूट म्हणत. नाव पडावं असंच वागणं, दुसरं काय! सुट्टीच्या दिवशी अख्खं खानदान जेवायला जमलं की ही कायम शेवटी. त्या घराची एक रीत होती. ताटं मांडून झाली की थोरली आत्या दारात उभी राहून खणखणीत आवाजात विचारायची, "कोण राहिलं?" राहिलेल्यानं "मी राहिले!" असं ओरडत धावत यायचं, सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या, मगच पहिला घास. त्याआधी कुणी ताटाला हात लावला की धपाटा ठरलेला.

आता शेपूट दूरच्या शहरात, फुलांच्या गोदामात नोकरीला होती. मागच्या सुट्टीला आत्यानं फोनवरूनच "कोण राहिलं?" विचारलं, तर ही अशी हमसाहमशी रडली की सोबतच्या बायकांना कामं सोडून समजूत घालावी लागली. म्हणून या जोडसुट्टीला तिनं सकाळीच घरी कळवून टाकलं, फोन करू नका, मी कामात असेन. अगं शहाणे, रडलीस तर रडलीस! पण नाही.

गोदामात त्या दिवशी ती एकटी आणि फाटकावर पहारेकरी. थंड खोलीच्या दाराची आतली मूठ निखळली होती. मॅनेजर म्हणाले होते, सुट्टीनंतर बघू. तोवर सगळे दाराला पाण्याची बादली लावून आत जात. दुपारी फुलांच्या जुड्या ठेवायला एक बादली कमी पडली. हिचं चित्त घरच्या ताटांवर. हिनं दाराचीच बादली उचलली आणि आत नेली. मागे दार धप्पकन लागलं.

आधी तिला स्वतःचंच हसू आलं. मग तिनं दार ढकललं, खांद्यानं रेटलं, लाथा घातल्या, पण ते हललं नाही. फोन बाहेर, दाराला लागूनच्या टेबलावर होता. ती रोज मागच्या दारानं घरी जाई, त्यामुळे पहारेकऱ्याला वाटणार, गेली. सुट्टी संपेपर्यंत इकडे कुणी फिरकणार नव्हतं. पंखे घोंघावत होते, तिचं ओरडणं बंद दारातून फाटकापर्यंत पोचेना. अंगात पातळ स्वेटर. तिनं खोके फाडून अंगाभोवती गुंडाळले, तरी दात वाजायचे थांबेनात. ही फुलं टवटवीत राहतील, तिला वाटलं, आणि मी इथेच मरेन. ती इतकी घाबरली की रडायचंही विसरली.

आत्ता घरी ताटं मांडली असतील. धाकटा काका चोरून तोंडात काहीतरी टाकत असेल. पण फोन येणार नाही, आपणच नको म्हटलंय. "जन्मभर माझं एक ऐकलं नाही तुम्ही," ती दाराला म्हणाली, "आजच ऐकायचं सुचलं का रे?"

बाहेर फोन वाजला.

वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. मग बराच वेळ वाजलाच नाही, आणि ती दाराला टेकून खाली बसली. बसले असतील जेवायला, कंटाळून. तेवढ्यात पुन्हा वाजला, आणि पाठोपाठ पहारेकऱ्याची कुरकुर जवळ आली, "काय कटकट आहे, घ्या की कुणीतरी!" तिनं बादली उचलून दारावर हाणली. हाणतच राहिली.

दार उघडलं. पहारेकरी तिच्याकडे बघून पांढराफटक पडला. त्याच्या हातातल्या फोनमधून आत्या ओरडत होती, "अहो, कोण बोलतंय? आमची पोरगी कुठाय? जेवण खोळंबलंय इथे सगळ्यांचं!"

तिनं दोन्ही हातांनी फोन धरला.

"फोन करू नका म्हणे!" आत्या कडाडली. "तू कोण आम्हाला सांगणारी? बोल, कोण राहिलं?"

"मी," तिचे ओठ हलेनात, "मी राहिले गं, आत्या."

तिकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. ही गोदामाच्या फरशीवर बसून मोठमोठ्यानं रडायला लागली.

"पुरे, पुरे, रडू नकोस," आत्या म्हणाली. "आठवण येते, कळतं आम्हाला. पुढच्या सुट्टीला ये म्हणजे झालं." आणि तिकडे सगळे जेवायला बसले.