सोनईच्या शेडमधल्या दोन बॅटऱ्या

माझा स्वभाव संशयी आहे. लोक हे पाठीमागे म्हणतात, मी तोंडावर सांगते. भाजीवाल्याने काटा धरला की माझी नजर भाजीवर नसते, त्याच्या करंगळीवर असते. शाळेत शिकवताना फळ्याकडे तोंड करूनही मागच्या बाकावर काय चाललंय ते मला कळायचं, आणि बहुतेक वेळा मी बरोबर निघायचे. त्यामुळे ही सवय सुटायचं काही कारणच पडलं नाही.

निवृत्त झाल्यावर यांनी हौसेने एक जुनी प्रवासी गाडी घेतली आणि आतल्या सीटा काढून तिचं चालतं घर केलं. पलंग, ओटा, पंखा, दिवे, आणि माझ्या हट्टाने एक देव्हारा, त्यात लाल काचेचा दिवा. घर म्हटल्यावर मी वास्तुशांतही करून घेतली. गुरुजी कुरकुरले, ही वास्तू उद्या शिर्डीला असेल, परवा कोकणात, दिशा कुठली धरू? मी म्हटलं, आज ज्या तोंडाने उभी आहे ती धरा. वायरमनलाही माझ्या दोन-तीन सूचना होत्या. त्याने त्या मुकाट्याने पाळल्या.

गाडी सुरू करायची बॅटरी पुढे, ती वेगळी. आतल्या दिव्यापंख्यासाठी दोन मोठ्या बॅटऱ्या पलंगाखाली. गाडी धावली की त्या भरतात. हे एवढं लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्यावरून झालं.

नगरच्या आमच्या सोसायटीत गाडी मावेना, म्हणून ती सोनईला माझ्या मैत्रिणीच्या शेडमध्ये ठेवली. सोनईच्या शाळेत असताना मी तिच्या घरात भाडेकरू होते. ती त्या शेतकरी घराची सून, माझ्याच वयाची. माझी दोन्ही बाळंतपणं तिने काढली. ती मला अजून ‘बाई’च म्हणते. गाडीची एक किल्ली तिच्याकडे ठेवली होती, वेळप्रसंगी हलवायला लागली तर म्हणून. ती किल्ली तिने मंगळसूत्राच्या पिनेला अडकवून टाकली.

मग यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी तशीच उभी राहिली. काही आठवड्यांनी तिचा फोन आला.

“बाई, तुमच्या गाडीतला द्येवाचा दिवा गेलाय वो. बरं न्हाई दिसत. येऊन बगा.”

मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. आणि तिथेच बसून राहिले. गाडीचे पडदे मी स्वतः ओढले होते, वर पिना लावल्या होत्या. मग आतला दिवा गेलाय हे हिला कळलं कसं? यांना विचारलं, तर म्हणाले, “बल्ब गेला असेल. तू आता त्याचा खटला उभा करू नकोस.” मी उभा केला नाही. मनातल्या मनात साक्षीपुरावे मात्र गोळा करत राहिले. त्याच सुमारास तिच्या मुलीचं लग्न झालं होतं, यांच्या गुडघ्यामुळे आम्हाला जाता आलं नव्हतं. घर पाहुण्यांनी भरलं असणार. उकाड्याचे दिवस, त्यात वीज जाते, आणि शेडमध्ये गादी-पंख्यासकट एक खोली रिकामी.

हे चालायला लागल्यावर आम्ही सोनईला गेलो. यांनी किल्ली फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. मला हायसं वाटलं. मग आतला पंखा लावला, तर पातं हलेना. दिवे लागेनात. पुढची बॅटरी टवटवीत आणि पलंगाखालच्या दोन्ही मेलेल्या! म्हणजे गाडी कुणी चालवली नव्हती, वापरली होती. यांनी मीटर लावला. बारा-साडेबारा दाखवायला हवं तिथे चार व्होल्ट.

मी गादीला हात लावून पाहिला, उशीचा वास घेतला. पलंगाच्या कडेला भुईमुगाचं टरफल सापडलं, ते रुमालात बांधलं. मैत्रीण दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती.

“लग्नात पाहुण्यांची निजायची सोय कुठं केली होतीस गं?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिने मग पदराआडून पिन सोडवली, किल्ली काढली आणि गाडीच्या पायरीवर ठेवली.

“सरळ इचारा ना, बाई. गाडीत निजलं का कुनी, आसं इचारा.”

“तसं नाही गं.”

“तसंच हाय. ह्या गाडीत मानूस न्हाई शिरलं. पन तुमाला पटायचं न्हाई. न्या गाडी.”

ती घरात निघून गेली. त्या घरात पहिल्यांदाच मला कुणी चहा विचारला नाही. बॅटऱ्या काय, नव्या मिळतात. ही कुठून आणायची? तरी तोंडातून माघारीचा शब्द फुटेना, कारण चार व्होल्ट डोळ्यांसमोर होते आणि टरफल रुमालात होतं.

“टरफल माझं आहे,” हे म्हणाले. “चल, आता बॅटऱ्यांचं बघू.”

यांनी नगरच्या दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, इतक्या उतरलेल्या बॅटऱ्या भंगारात द्या, नव्या घ्या. त्याला नव्या विकायच्याच आहेत, हे मी यांना बजावलं. गाडी बरेच दिवस उभी होती, म्हणून यांनी आपला नवा चार्जर बरोबर आणलाच होता. घरातून वायर ओढून तो लावला, तर त्याचा तांबडा दिवा नुसता मिचमिचत राहिला. हे म्हणाले, चार्जर हुशार आहे, चार व्होल्टच्या बॅटरीला तो बॅटरी समजतच नाही. तिला आधी दुसऱ्या चांगल्या बॅटरीचा टेकू द्यायचा, व्होल्टेज जरा वर आलं की हा ओळख दाखवेल.

नुसती गाडी पळवून इतक्या मेलेल्या बॅटऱ्या उठणार नव्हत्या, आणि पुढची बॅटरी लावून तीही बसली तर गाडीच अडली असती. उरली ती मैत्रिणीच्या ट्रॅक्टरची बॅटरी. मागायला हे गेले. मी कुठल्या तोंडाने जाणार? ती ट्रॅक्टर घेऊन स्वतः आली, माझ्याकडे न बघता. यांनी बॅटऱ्यांची बुचं उघडली, आतल्या पट्ट्या बुडतील इतपत बॅटरीचं पाणी घातलं. दारं-खिडक्या सताड उघडल्या, गॅस कोंडायला नको म्हणून. मी देवापुढे उदबत्ती लावायला गेले, तर “भडका उडवायचाय का?” म्हणून ओरडले. मेन स्विच बंद केला.

“आता आत काहीही चालू नाही,” ते म्हणाले, आणि ट्रॅक्टरच्या वायरी जोडल्या.

देव्हाऱ्यातला लाल दिवा लागला.

मेन स्विच बंद होता. हे स्विचकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आणि मला त्या वायरमनला दिलेल्या सूचना आठवल्या. दिवा अखंड हवा. कुणी चुकूनही मालवू नये म्हणून तो स्विचवर घेऊ नका, थेट बॅटरीला जोडा. आणि ते एलईडी नको, तापणारा, खरा जळणारा बल्ब लावा. शेडमध्ये उभ्या गाडीत तो बल्ब रात्रंदिवस जळला होता, दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकीपर्यंत.

मैत्रिणीने दारातूनच हात जोडले. मग खिडकीकडे बोट केलं. दोन पडद्यांच्या मध्ये बोटभर फट होती.

“संध्याकाळी गुरं बांदाया आले की हितून त्यो लाल उजेड भितीवर पडायचा. रोज हात जोडायची मी. एक दिवस न्हाई दिसला, म्हनून तर फोन केल्ता.”

मला भुईने पोटात घ्यावं असं झालं. “चुकलं गं माझं,” मी म्हटलं. ती गुरांना वैरण टाकायला निघून गेली.

चार्जरने थोड्या वेळात ओळख दाखवली. दुसऱ्या दिवसापर्यंत एक बॅटरी नीट उठली, दुसरी अर्धांग झाल्यासारखी, निम्म्यावर थांबली. मुक्काम त्यांच्याच घरी करावा लागला, आणि सकाळी माझ्यापुढे चहा आला, बिनबोलता. यांनी दिव्याच्या वायरीत एक बटण बसवलं आणि म्हणाले, गाडी उभी राहणार असेल तेव्हा हे बंद करायचं, नाहीतर पुन्हा हेच.

निघायच्या वेळी मी त्या बटणाशी उभी राहिले. मैत्रिणीने पुन्हा ‘न्या’ म्हटलं नव्हतं, म्हणून गाडी तिथेच राहणार होती, पण अखंड दिवा मालवायला माझा हात धजेना. देवाला पाठ दाखवल्यासारखं वाटत होतं. पायरीवर किल्ली कालपासून तशीच पडली होती. मैत्रिणीने ती उचलली, पिनेला अडकवली, मला बाजूला सारून आत आली आणि बटणावर बोट ठेवलं.

“जावा तुमी, बाई. चोरीचा आळ माज्यावर आलाच हाय. ह्ये पाप बी माज्याच नावावर ऱ्हाऊ द्या.”

दिवा मालवला. ती हे रागाने म्हणाली की मायेने, याचा मला अजून संशय आहे.