एका पाण्याचा भुसा

माझे थोरले दीर लढाईवरून परतले ते उजवं पाऊल तिकडेच ठेवून. पाथर्डीकडच्या आमच्या गावात ते पुन्हा पेरणीच्या पाभरीमागे चालतील, असं फक्त त्यांना आणि माझ्या नवऱ्याला वाटत होतं. नवरा सुतार. त्यानं भावासाठी लाकडी पाय कोरला. नुसतं लाकूड ढेकळांवर चिरतं, म्हणून खालचं पाऊल मात्र बाभळीचा भुसा सरसात मळून घडवायचं ठरवलं.

भुसा आधी राखेच्या पाण्यात उकळायचा, तीन पाण्यांनी धुवायचा, दोन दिवस उन्हात वाळवायचा. नाहीतर सरस त्याला धरत नाही आणि ओल लागली की तो फुगतो. हे काम माझ्याकडे होतं.

नेमकी मढीची जत्रा आली. शेजारणींची गाडी दारात उभी, आणि मी मेली हौशी. एकच पाणी दिलं, ओलसर भुसा पाटीत भरला नि गेले. मळल्यावर गोळा नीट धुतलेल्या भुशासारखाच दिसला.

उन्हाळाभर दीर त्या पावलावर हिंडले. अंगणात टक् वाजलं की नवरा हातातलं काम थांबवून ऐकायचा. पेरणीला, ओल्या रानात, पाभरीमागे तिसऱ्याच ओळीला पाऊल फुगून फुटलं. दीर सगळ्यांसमोर चिखलात तोंडावर पडले.

नवऱ्यानं तुकडा बोटांनी चुरडला. आतला भुसा तांबडा, कच्चा. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भावाला म्हणाला, "माजंच चुकलं, दादा."

दिरांनी दुसरं पाऊल करू दिलं नाही. चावडीवर बसून येईल त्याला सांगायचे, की धाकट्याच्या हातात कसब नाही. नवरा ऐकून घ्यायचा. मला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. थोरल्या दिरांपुढे तोंड उघडायची रीत नव्हती, आणि ती रीत माझ्या चांगलीच पथ्यावर पडली.

दोन वर्षांनी नवरा तापानं गेला. तेराव्यानंतर भरदुपारी अंगणात त्या फुटलेल्या पावलाचं टक् पुन्हा ऐकू येऊ लागलं. बाहेर जावं तर कुणी नाही. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू? शेवटी एके दिवशी दाराआड उभी राहून मी दिरांना सगळं सांगितलं.



"ह्ये त्यो हुता तवा सांगायचं हुतंस," ते म्हणाले. "मी त्याला उभ्या गावात नावं ठिवली. आता कुनाला सांगू?"

त्यानंतर ते चावडीवर गेले नाहीत. दुपारी टक् वाजलं की मी दारातून बघायची. तेही ओसरीवर मान वर करून ऐकत असायचे.