पोराकडचा गाल

"याच बाजूचं करा, मॅडम. लग्नाच्या फोटोत पोराकडं हाच गाल येनार हाय." खुर्चीत बसल्याबरोबर ती उजवा गाल पुढे करायची. डॉक्टर मॅडम म्हणायच्या, "अहो, दोन्ही गाल करू." त्यावर ती, "तुमची मर्जी. दुसरा कोन बघनार?"

पनवेलच्या एका त्वचेच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं काउंटरला बसते. उन्हानं खाल्लेले चेहरे रोज बघते, पण तिच्यासारखा नाही पाहिला. तीस वर्षं मिठागरात गेलेली. वरून ऊन आणि खालून पांढऱ्या मिठावरून उलटून येणारं ऊन. दोन्ही गालांवर काळे वांग, कातडी राठ, पन्नाशीची बाई सत्तरीची दिसायची. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, मासळीबाजारात नाहीतर रस्त्याकडेला भाजी विकताना. त्यांच्या तोंडाकडे कोण बघतं? मीही बघत नव्हते.

मिठागर कधीच गेलं होतं, जमिनीच्या पैशात गावात तीन मजली घर उठलं होतं. पोरगा खारघरला ऑफिसात, आणि तिथल्याच टॉवरमधली मुलगी ठरलेली. साखरपुड्यात मुलीच्या मावशीनं हिला कामवाली समजून हातात रिकामे ग्लास दिले. पोरानं ते पाहिलं. मावशीला एक शब्द बोलला नाही, आईला मात्र आठवड्यात आमच्याकडे घेऊन आला. वरसुद्धा चढला नाही मेला, खाली गाडीत बसून राहिला.

"तुम्हाला राग नाही आला, मावशी?" मी तिला विचारलं.

"कशाला? ग्लास ठेवले धुवून. पन पोराचं तोंड उतरलं गं बाय. लग्नात तसं नाय व्हायला पायजे."

बस, एवढ्यासाठी ती यायची. दर तीन आठवड्यांनी पील. म्हणजे औषध लावून वरची कातडी काढायची आणि खालची नवी, नाजूक कातडी उन्हापासून जपायची. ती अंगणात कपडे वाळत घालायलाही छत्री घेऊन जायची, अख्खं गाव हसायचं. ती पण हसायची. "मिठागरात नाय घेतली, ती आता घेतेय." चार महिन्यांत वांग खरंच फिकट झाले. एकदा आरशात बघून म्हणाली, "माजी आई दिसतेय गं." मला त्या दिवशी तिचा फार लळा लागला.

हळदीला चार दिवस राहिले होते तेव्हा ती पुन्हा आली. मला म्हणाली, "अजून एक करायला सांग ना." समारंभाच्या आधी पंधरा दिवस पील करायचं नाही, हा आमचा नियम. मॅडमनी मला तारीख विचारली. तिनं माझा हात घट्ट धरला होता. "लग्नाला वेळ आहे अजून," मी खोटंच सांगून मोकळी झाले. पील झाल्यावर तिला बजावलं, चेहऱ्याला काही लागता कामा नये, हळदसुद्धा नाही. "नाय लावनार," ती म्हणाली.

पण त्यांच्या हळदीत वरमायला आधी माखतात, आणि वरमायनं नको म्हणायचं नसतं. भर दुपारी जावा-नणंदांनी तिला पाटावर बसवून दोन्ही हातांनी तोंडाला हळद चोळली आणि तिला उन्हात नाचवलं. तिच्या आग्रहानं मीही हळदीला गेले होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हातात ताट धरून बसून राहिले. परकी बाई मी, मांडवात आडवी कशी पडू, असं वाटलं तेव्हा. पडायला हवं होतं. आज स्वतःची चीड येते.

लग्नादिवशी तिचं तोंड लालभडक, सुजलेलं, गालाची कातडी सुटलेली. पोरगा म्हणाला, "आई, तू आत बस. लोक विचारत बसतील." हॉलमागच्या खोलीत बसून तिनं मंगलाष्टका ऐकल्या.

दवाखान्यात ती परत आली नाही. डाग पहिल्यापेक्षा काळे पडले, असं कळलं. मॅडमना सगळं खरं सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि मलम घेऊन मी तिच्या घरी गेले. चूक माझी होती, हे तिच्या तोंडावर सांगितलं.

"तुजी कसली चूक?" म्हणाली, आणि मलम न उघडताच बाजूला ठेवलं.

मग तिनं लग्नाचा अल्बम काढला. त्यात नवरदेवाशेजारी जरीच्या साडीतली एक बाई, त्याचा हात तिच्या खांद्यावर. अंग हिच्या धाकट्या बहिणीचं, तोंड हिच्या आधार कार्डावरचं, फोटोवाल्यानं गोरंपान करून बसवलेलं. एक डाग नाही.

तिनं फोटोतल्या त्या हातावर बोट ठेवलं.

"माज्या खांद्यावर त्यानं असा हात कवा ठेवला नाय, बाय."