चौकट जुनी, काच नवी

इस्माईलभाई गिऱ्हाइकाला आरसा दाखवायचे तो पाठीकडून. भिंतीला टेकवलेला आरसा दोन्ही हातांनी उचलायचा, काचेची बाजू स्वतःच्या छातीकडे धरायची आणि मागची फळी समोर करायची. नवं माणूस गोंधळून जाई. आरसा घ्यायला आलेल्याला आपलं तोंड बघायची घाई असते, आणि इथे पुढ्यात काळपट फळी, गंजलेले खिळे, कुठेतरी वाळवीची जुनी रेघ. "आधी पाठ बघा," ते म्हणायचे. "तोंड काय, पॉलिश मारून कोणपण गोड करील. पाठीला कोण पॉलिश मारीत नाय."

रत्नागिरीच्या बाजारातून मिरकरवाड्याकडे उतरताना एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. वीसएक वर्षं बोटीवर सुतारकाम केलेला माणूस. कप्तानाच्या खोलीतल्या खुर्च्या, टेबलं, आरसे दुरुस्त करता करता जुन्या लाकडाची नजर आली. बोटीवरची नोकरी सुटल्यावर गावी येऊन त्यांनी हे दुकान टाकलं. तो काळ चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा. किनाऱ्यावरच्या घरांतली मुलं आखातात गेली होती, स्लॅबची घरं बांधत होती आणि पणजोबांनी गलबतातून आणलेले आरसे बाहेर काढून आरशाची स्टीलची कपाटं आत नेत होती. तो बाहेर निघालेला माल इस्माईलभाई उचलायचे. घेणारे मात्र गावातले नसत. बदलीवर आलेले अधिकारी, डॉक्टर, वकील, म्हणजे ज्यांना जुन्याची हौस परवडत होती असे. सगळी मिळून पंधरा-वीस घरं. त्यांच्यावरच ते दुकान चालायचं.

माझे यजमान बँकेत अधिकारी होते. रत्नागिरीला बदली झाली आणि मारुती मंदिराच्या वरच्या बाजूला आम्हाला चांगला ऐसपैस ब्लॉक मिळाला. मी अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेली. वडील कोयना प्रकल्पावर फिटर. आमच्या खोलीत एकच आरसा होता, मोरीच्या वर खिळ्याला अडकवलेला, पत्र्याच्या चौकटीचा, त्यातही वडिलांची दाढी आणि माझ्या वेण्या यांचा रोज तंटा. हे मी रत्नागिरीत कुणालाही सांगितलं नव्हतं. माहेर विचारलं की "चिपळूणकडचं" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

महिला मंडळात डॉक्टरीणबाईंच्या घरी मी पहिल्यांदा तसला जुना आरसा पाहिला. दिवाणखान्यात पुरुषभर उंचीचा, कडेला पैलू पाडलेला. आपल्याकडेही असा एक हवा, हे त्या दिवशी डोक्यात बसलं.

इस्माईलभाईंकडे मी एकटीच गेले. त्यांनी लगेच काही दाखवलं नाही. आधी घराची चौकशी केली. भिंत चिऱ्याची की विटांची? पावसात ओल येते का? खिडकी कुठल्या अंगाला? मी खोलीचं वर्णन करत होते आणि ते खडूनं जमिनीवर रेघा काढत होते. "खिडकीच्या समोर लावू नका. दुपारी डोळ्यावर येईल आणि दोन दिवसांत तुम्ही त्याच्यावर कापड टाकाल. आणि आरशात तोंड बघून आरसा घेऊ नका. तोंडाच्या मागं काय दिसतंय ते बघा. घरच्यांना रोज तेच दिसणार."

बोलता बोलता माहेर विचारलं. का कोण जाणे, त्यांना मी अलोरे सांगितलं. ते एकदम हसले. "म्हंजे आपल्याच जिल्ह्याची गो तू! मी बाईसाहेब बाईसाहेब करतोय." तेव्हापासून मी त्यांची 'बाय' झाले आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं.

त्यांनी दोन आरसे पुढे काढले. पहिला साध्या सागवानी चौकटीचा, नक्षी नाही, काच मात्र अस्सल जुनी. कडांना काळे ठिपके पडलेले आणि बाजूला चालत गेलं की आतली भिंत जराशी हलल्यासारखी वाटे. दुसरा शिसवी, वर द्राक्षाच्या वेलीचं कोरीव काम, पानापानाची शीर मोजून घ्यावी असं. काच लखलखीत. मी दुसऱ्यावरून नजर काढीना.

"तो बरा हाय," इस्माईलभाई म्हणाले, "पण ऐक. ह्याची मूळ काच घर पाडताना फुटली. ही मी मुंबईहून आणून बसवली. चौकट शंभर वर्षांची, काच दोन वर्षांची. हे बघ." त्यांनी माझं नख काचेला टेकवायला लावलं, नख आणि त्याचं आतलं प्रतिबिंब यांतलं अंतर दाखवलं, मग तेच पहिल्या आरशावर. फरक मलाही कळला. "माझं ऐकशील तर तो साधा घे. पण तुझा जीव ह्याच्यावर बसला असेल तर हा ने. कोणी विचारलं तर सांगायचं, चौकट जुनी, काच नवी. त्यात कमीपणा नाय."

मी वेलीचाच नेला. आरसा लावायला ते स्वतः आले, ओल लागू नये म्हणून मागे लाकडाच्या चकत्या ठोकून आरसा आणि भिंत यांत बोटभर हवा ठेवली. संध्याकाळी यजमानांनी विचारलं, "काचही जुनी का?" मी "हो" म्हटलं. पहिलं खोटं ते. तेव्हा ते खोटं वाटलंसुद्धा नाही.

त्या दिवाळीत मी डॉक्टरांच्या कुटुंबाला फराळाला बोलावलं. डॉक्टरीणबाईंचे मुंबईचे भाऊ आले होते, जुन्या वस्तूंचे मोठे शौकीन. मी चकल्यांची ताटली फिरवत आरशाचं कौतुक सांगत होते. बेल्जियमची काच, अमक्या सावकाराच्या घरातली, गलबतातून आलेली. ते उठले, आरशाजवळ गेले आणि काचेला नख टेकवलं.

"वहिनी, चौकट सुरेख आहे," ते म्हणाले. "पण काच नवी आहे. दोन-चार वर्षांची असेल फार तर."

सगळे माझ्याकडे बघत होते. यजमानही. एवढंच म्हणायचं होतं, की हो, मला ठाऊक आहे. पण मला वाटलं, आता या सगळ्यांना माझ्या मागची मोरी, तो पत्र्याचा आरसा, सगळं दिसणार. आणि मी म्हणाले, "अगबाई! मला तर त्यांनी जुनी म्हणूनच दिली. फसवलंच म्हणायचं की मला!"

"त्या लोकांचं हे असंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी मान हलवली. नुसती मान हलवली, पण हलवली.

डॉक्टरांचा नवा बंगला व्हायचा होता. त्यासाठी इस्माईलभाईंकडून तीन आरसे आणि एक मोठं मेज ठरलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी रद्द झालं. मग मंडळात बोलणं झालं, मंडळातून घराघरांत गेलं. पंधरा-वीसच तर घरं होती.

महिन्याभरानं एका सकाळी इस्माईलभाई आमच्या दारात आले. धुवट सदरा, डोक्यावर टोपी, चपला पायरीखाली काढलेल्या. यजमान आत दाढी करत होते. इस्माईलभाई हळू आवाजात म्हणाले, "बाय, लोक काय काय बोलतायत. म्हणतात, तूच म्हणालीस की मी नव्या काचेला जुनी सांगितली. मी म्हटलं, असं होणार नाय. तिच्या नखाला मी स्वतः दाखवलंय. तू असं बोललीस काय गो?"

आत यजमान होते. त्यांनाही मी खोटंच सांगितलेलं. मी म्हणाले, "छे हो, इस्माईलभाई! मी कशाला असं बोलेन?"

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो पाहवेना. "मी तेच म्हटलं! आपल्या जिल्ह्यातली पोर, अशी बोलणार नाय." मग आलोच आहे तर म्हणून आत येऊन आरसा बोटानं हलवून पाहिला, मागच्या चकत्या तपासल्या. मी केलेला चहा प्यायले आणि आनंदानं गेले.

गेले ते थेट डॉक्टरांच्या घरी. हे मला डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, हसत हसत. "काय धीट हो तुमचा तो आरसेवाला! व्हरांड्यात उभा राहून मला सांगतो, बाई असं बोलल्याच नाहीत, मला स्वतः म्हणाल्या. मी म्हटलं, अरे, या कानांनी ऐकलंय मी! माझ्या तोंडावर खोटं बोलतोस? मग यांनी त्याला फाटकाबाहेर घालवला."

म्हणजे इस्माईलभाईंना कळलं होतं. मी तिथेही खोटं बोलले होते आणि त्यांच्याजवळही. ते परत माझ्याकडे आले नाहीत. बाजारात एकदा समोरासमोर गाठ पडली. त्यांनी नेहमीसारखा हात कपाळाला नेला. "बऱ्या आहात ना, बाई?" म्हणाले आणि पुढे गेले.

शिमग्यानंतर माझा धीर झाला. दुकानात आरसे फारसे उरले नव्हते. इस्माईलभाई एका शाळेची बाकं दुरुस्त करत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अलोरे मी इथे लपवते ते सांगितलं, पाहुण्यांच्या नखाचं सांगितलं, माझी मान हलली तेही सांगितलं. रडलेही. त्यांनी रंधा थांबवला नाही. माझं सांगून झाल्यावर लाकडावरचा भुसा फुंकला आणि म्हणाले, "हे मला ठाऊकच हाय, बाई. मला सांगून काय होणार? ते तुम्ही माझ्यासमोर बोलला नव्हतात. जिथं बोललात तिथं सांगा."

मी गेले. मंडळाच्या दिवशी, डॉक्टरीणबाई आणि आणखी दोघी-तिघी बसलेल्या असताना म्हणाले, "त्या आरशाचं एक सांगायचंय. इस्माईलभाईंनी मला आधीच सांगितलं होतं, काच नवी आहे. मीच खोटं बोलले."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किती मऊ मनाच्या हो तुम्ही! आला असेल तुमच्याकडे गयावया करत. त्याच्यासाठी स्वतःवर घेताय?"

"नाही, खरंच—"

"पुरे हो. अशा माणसासाठी एवढं कोण करतं?" दुसरी एक बाई कौतुकानं म्हणाली. कुणीतरी कॉफी आणली. माझ्या हातात कप आला. मी कॉफी प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. इस्माईलभाईंनी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांना खरं वाटलं नाही."

ते बराच वेळ पटाशीला धार लावत राहिले. मग म्हणाले, "खोटं तुम्ही एकदाच सांगितलं आणि पटलं. खऱ्याला जास्त वेळा सांगावं लागेल."

रागानं म्हणाले नाहीत. एखाद्या दाराची बिजागरी का धरत नाही हे सांगावं तसं सांगितलं. मी "हो" म्हटलं. पण मी पुन्हा सांगितलं नाही. प्रत्येक मंडळाला ठरवून जायचे आणि तसंच परत यायचे. खरं म्हणजे माझ्या चांगुलपणाची जी गोष्ट तिथे सुरू झाली होती, ती मला थोडी आवडूही लागली होती. जूनमध्ये आमची साताऱ्याला बदली झाली.

दोन वर्षांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. बंगल्याची वास्तुशांत झाली, मुलीचं लग्न ठरलं, यंदा आंबा कमी आहे. शेवटी लिहिलं होतं, "तुम्हाला फसवणारा तो आरसेवाला म्हातारा गेला. दुकान आधीच बंद झालं होतं. मुलगा लोट्याला कंपनीत शिफ्टवर जातो म्हणे."

मी त्याच दुपारी उत्तर लिहायला बसले. बंगल्याबद्दल अभिनंदन केलं, मुलीला आशीर्वाद लिहिले, साताऱ्याच्या थंडीचं लिहिलं. मग पेन हातात धरून बसून राहिले. पोस्टमन डाक घेऊन जायची वेळ झाली तेव्हा 'आपली' म्हणून सही केली आणि अंतर्देशीय पत्राची घडी घालून चिकटवलं. आत अर्धं पान कोरंच होतं.