उत्तर म्हणजे आयले मावशी

उत्तर ध्रुवाकडच्या काउतोकेइनो गावच्या राव्दनाला शाळेत 'आमची उत्तर' या विषयावर कविता लिहायला सांगितली, तेव्हा पुस्तकात होतं तेच तिनं उतरवलं. पांढरं मौन, गोठलेला काळोख, जगाचा शेवट. बाईंनी पाठ थोपटली. घरी बापानं कविता वाचली, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

"कुणी नाही. ही आपली उत्तर."

"ही? मग तुझी आयले मावशी कुठाय हिच्यात?"

प्रश्न बिनतोड होता. घर रेनडियरवाल्यांचं. हिवाळाभर कळप दक्षिणेच्या पठारावर बर्फ उकरून खालचं दगडफूल खायचा. वसंत लागला की गाभण माद्या आपणहून उत्तरेला तोंड करायच्या आणि माणसं त्यांच्या मागोमाग. उत्तरेला समुद्र, कोवळं गवत, नवी पाडसं, डासांचे ढग; आणि धक्क्यावर मासे वाळवत बसलेली आयले मावशी, नाकानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी.

राव्दनानं कविता चुलीत घातली आणि बापाकडून योइक, म्हणजे आमचं परंपरेचं गाणं, शिकायला बसली. आमच्यात हे गाणं कुणाबद्दल नसतं. ज्याचं असतं, त्यालाच ते समोर आणून उभं करतं. पुढं तिनं साऱ्या पठाराला गाण्यात आणलं. माणसं, कुत्री, अगदी नवरा इस्सातची बिघडलेली मोटारबोटसुद्धा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला राजधानीतून बोलावणं आलं. उत्तरेच्या कवितेची संध्याकाळ होती. सूत्रसंचालक भला माणूस. म्हणाला, "आजी, उत्तरेचं काहीतरी म्हणा. तो एकांत, ते बर्फ..."

"बर्फ होय? ते दक्षिणेला असतं, आमच्या हिवाळ्याच्या घरी," राव्दना म्हणाली आणि गाऊ लागली:

*डास आले, डास आले,*
*पाडस पळे शेपूट वर,*
*मावशी उभी धक्क्यावर,*
*आधी नाक, मग मावशी!*

तिसऱ्या फेरीला पुढच्या रांगेतली माणसं मान खाजवायला लागली. रेडिओनं सगळं जसंच्या तसं ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "अगं भवाने, साऱ्या देशाला नाक दाखवलंस माझं!"

"आहे म्हणून दिसलं, मावशी."

"ये तू उन्हाळ्यात. बघतेच तुला!"

उन्हाळ्यात कळपामागून राव्दना किनाऱ्याला पोचली. चौऱ्याऐंशीची मावशी धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभीच होती. ना 'ये', ना 'बैस'. सरळ गायलाच लागली:

*दार लावा, दक्षिण आली,*
*कॉफी संपली, बडबड उरली,*
*उघडा गं, उघडा,*
*ही तर आपलीच निघाली!*

सगळा धक्का हसला.  सगळ्यांना गाणी वाटणाऱ्या बाईला स्वतःचं गाणं नव्हतं. ते आपलं आपण करायचं नसतं, दुसऱ्यानं द्यावं लागतं. आणि इतक्या वर्षांत कुणाला सुचलंच नव्हतं.

"ऐकू नाही आलं, मावशी," ती म्हणाली. "परत म्हण."

मावशीनं परत म्हटलं. राव्दनाला तेव्हाही ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा इस्सातनंही सूर लावला, अगदीच बेसूर. तरी तिनं त्याला थांबवलं नाही.