कतरण कोणाची?

"हे कोनाचं हाये?"

दुकानाच्या पायरीवर बसकण मारायची, मशीनखालच्या ढिगातून एक चिंधी उचलून उजेडाकडे धरायची आणि हा प्रश्न टाकायचा. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. अनसिंगला माझं टेलरिंगचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी मावशी तिथे कापताना उरलेली कतरण न्यायला यायची. ती माझ्या नात्यातली नव्हे. सारं गाव तिला मावशी म्हणायचं, कारण गावातली निम्मी लेकरं तिने शिवलेल्या गोधडीवर लोळून मोठी झालेली.

"मावशी, चिंधीच तं हाये. ने ना गुपचूप."

"चिंधीले मालक नसते काय? नाव सांग."

नाव सांगावंच लागे. ज्या घरचं कापड, त्याच घरच्या गोधडीत, हा तिचा नियम. तिच्या घरात खुंट्यांवर गाठोडी टांगलेली असत, एकेका घराचं एकेक. त्या घरची जुनी लुगडी, विटलेली धोतरं आणि माझ्याकडची कतरण, सगळं त्यात. एकदा मी रिठदच्या पाहुण्याच्या सदऱ्याचा तुकडा चुकून आमच्या शेजाऱ्याच्या नावावर सांगितला. पुढच्या बाजारी ती तणतणतच आली. "तुह्यापायी तीन रांगा उसवल्या म्या!"

बरं, कतरण पाहून तिला माझ्या चुकाही कळायच्या. "गळा दोनदा कापला ना रे? एवढं कापड कायले वाया घालवतं?" हे भर गिऱ्हाइकांत. तुमच्याही गावात अशी एखादी असेल, आठवून पाहा. समोर असली की नकोशी होते.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं अजून तापतं, ती सांगतो. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेच्या बाई गाडी घेऊन आल्या. त्यांना गोधड्या हव्या होत्या, भिंतीवर टांगायला! साऱ्या एका मापाच्या, तीनच रंगांच्या. जुनं कापड मात्र नको, त्याला म्हणे वास येतो. म्हणून नवे तागे आणायचे, त्यांच्या चिंध्या करायच्या आणि त्या चिंध्या पुन्हा जोडायच्या. नवं कापड फाडून जुन्याचं सोंग! हे ऐकून त्याच वेळी माझी कात्री खाली पडायला हवी होती. पण त्या चिंध्या कापायचं काम मीच घेतलं. वर मावशीला न विचारता गोधड्या शिवायला तिचंही नाव देऊन टाकलं.

मावशी आली, तेव्हा चार पोती भरून तयार होती. समोर त्या बाई बसलेल्या. मावशीने एक चिंधी उचलली.

"हे कोनाचं हाये?"

"कोनाचंच नाई, मावशी. नवं हाये."

"नवं? मंग फाडलं काहून?"

"गोदडीसाठी."

"अंगाले न लागलेलं कापड चिंधी कसं होईन रे? कापडाची मस्करी करून राह्यला तू!"

बाई हसून म्हणाल्या, "मावशी, लोकांना तुमची कला आवडते."

"मंग लोकाइले म्हना, आपले जुने कपडे घेऊन या. शिवून देईन."

तिने रिकामी पिशवी झटकली आणि निघून गेली. गावाने तिलाच वेड्यात काढलं. घरी चालून आलेलं काम म्हातारीने लाथाडलं, असं चहाच्या टपरीवर तेच लोक म्हणत होते, ज्यांची पोरं तिच्या गोधडीत निजली होती. चीड येते मला त्यांची. माझी जास्त येते, कारण मीही तिथे मान हलवली होती.

त्यानंतर ती माझ्या पायरीवर आली नाही. त्या बाईही पुन्हा फिरकल्या नाहीत. पोती दुकानात तशीच पडून आहेत.

यंदाच्या थंडीत मावशी गेली. तेरवी झाल्यावर तिची सून आमच्या घरचं गाठोडं घेऊन आली. आत गोधडी होती. माझ्या वडिलांचं धोतर, बायकोचं लुगडं, मुलीच्या शाळेच्या ड्रेसची मी टाकलेली कतरण, सगळं ओळखू आलं. माझ्याशी दोन वर्षं अबोला धरून म्हातारी माझ्याच घरासाठी टाके घालत होती! फक्त एक कोपरा उघडा होता.

सून म्हणाली, "सासूबाईनं सांगतलं, तुमच्या पोरीच्या लेकराच्या पयल्या झबल्याची कतरण इथं लावजा. हातानंच. मशीन नोका मारू."

गेल्या महिन्यात मुलीला मुलगी झाली. बारशासाठी जावयाने झबली मोबाईलवरून मागवली. टेलरच्या नातीला तयार झबली! मी फोनवर एवढा ओरडलो की बिचारा घाबरून "परत पाठवतो" म्हणाला.

मग मलमल आणली आणि कापायला बसलो. आयुष्यभर बोटभर कापड वाचवत आलेला हा हात. त्या दिवशी मुद्दाम तळहाताएवढा तुकडा उरवला, तो उजेडाकडे धरला. कोणाचं, ते सांगायला या वेळी मी तयार होतो. पायरीवर कोणी नव्हतं.